दुबईत धंदा न्यायचा, पण कोणत्या रूपात? शाखा, एलएलसी की फ्री झोन : कुटुंबाच्या कंपनीसाठी माहिती

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत, मुंब्रा-भिवंडीत किंवा औरंगाबादकडे जा, दुबई-शारजाला कुणी नाही असं घर शोधावं लागतं. आधीच्या पिढ्या तिकडे नोकरीला गेल्या. आताची पिढी धंद्याचंही बोलू लागली आहे. कुणाचा मसाल्याचा कारखाना आहे, कुणाचं कपड्याचं होलसेल, कुणी सॉफ्टवेअर बनवतं. इथे कंपनी चालते आहे, तिकडे गिऱ्हाईक आहे, मग तिथेही पाय का रोवू नये, हा विचार साहजिक आहे.

असा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न असतो तो लायसन्स किती दिरहमला पडेल याचा. आमच्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तिकडे जे उभं राहील ते कायद्याच्या नजरेत कोणाचं असेल? इथल्या कंपनीचं, तुमचं स्वतःचं, की तिकडे राहणाऱ्या भावाचं? टॅक्स, कर्जाची जबाबदारी, पैसे परत आणण्याची वाट, इतकंच नव्हे तर मालकाच्या इंतकालानंतर हिस्सा कोणाला जाणार, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. म्हणून या लेखात आम्ही संयुक्त अरब अमिरातीत कंपनी नेण्याचे मार्ग, भारताचे नियम आणि घरच्या व्यवहारात होणारी गफलत हे तिन्ही एकत्र मांडत आहोत.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. रत्नागिरी जिल्ह्यात काजू आणि मसाल्यांवर प्रक्रिया करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोन भाऊ मालक. तिसरा भाऊ पंधरा वर्षांपासून शारजात नोकरीला. कंपनीची गेल्या दोन वर्षांतली सरासरी विक्री ६ कोटी रुपये आणि नेटवर्थ, म्हणजे देणी वजा करून उरलेली स्वतःची पुंजी, दीड कोटी. त्यांना दुबईच्या बाजारात माल विकायचा आहे.

आधी हे विचारा : तिथे कंपनी हवीच का?

माल विकायला परदेशात कंपनी असलीच पाहिजे असं नाही. इथूनच निर्यात करून तिथल्या व्यापाऱ्याला माल देता येतो. भारत आणि अमिरातीमधला व्यापार करार, ज्याला सेपा म्हणतात, १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात बसणाऱ्या भारतीय मालावर तिकडची कस्टम ड्युटी कमी किंवा माफ होते. एरवी बहुतेक मालावर ती ५ टक्के असते. मात्र त्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचा मूळ उत्पत्ती दाखला लागतो.

पहिलं वर्ष-दीड वर्ष असं काढलं तर बाजाराचा अंदाज येतो आणि पैसे अडकत नाहीत. इथे एकच सावधगिरी. तिथला व्यापारी ‘एक्सक्लुझिव्ह एजंट करा’ म्हणेल. अमिरातीत व्यापारी एजन्सीचा वेगळा कायदा आहे. सरकारी दप्तरात नोंदलेली एजन्सी मनात आलं म्हणून मोडता येत नाही, भरपाईचा दावा होऊ शकतो. म्हणून साधा वितरक करार, ठरावीक मुदत आणि ठरावीक भाग, एवढंच लिहून द्या. नोंदणीकृत एजन्सीवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

स्वतःचं गोदाम, स्वतःची माणसं, तिथल्या सुपरमार्केटला थेट पुरवठा असं काही करायचं असेल तर मात्र कंपनीचं रूप निवडावं लागतं. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिलं रूप : शाखा

शाखा म्हणजे वेगळी कंपनी नव्हे. रत्नागिरीच्या कंपनीचाच तो दुबईतला हात. नाव तेच, मालक तेच, जबाबदारीही तीच. शाखेने उधारीवर माल घेतला आणि पैसे थकले तर देणेकरी थेट रत्नागिरीच्या कंपनीच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकतो. मध्ये कोणतीही भिंत नाही.

शाखेचा धंदा मूळ कंपनीच्या धंद्यासारखाच असावा लागतो. इथे मसाला आणि तिथे मोबाईलचं दुकान, असं चालत नाही. याचा धाकटा प्रकार म्हणजे प्रतिनिधी कार्यालय. त्याने फक्त प्रचार आणि संपर्क करायचा, विक्री करायची नाही, बिल फाडायचं नाही.

टॅक्सच्या बाजूने पाहिलं तर भारतीय कंपनीला जगभरच्या कमाईवर भारतात टॅक्स असतो. त्यामुळे शाखेचा नफा त्याच वर्षी इथल्या नफ्यात मिसळतो. तिकडे टॅक्स भरला असेल तर त्याची वजावट दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार मिळते, पण फॉर्म भरून आणि पावती दाखवून.

शाखा कोणाला सोयीची? सरकारी किंवा मोठ्या कंपनीचं काम जुन्या अनुभवावर मिळणार असेल तर. कारण शाखा मूळ कंपनीचा इतिहास आणि ताळेबंद स्वतःचा म्हणून दाखवू शकते. बांधकाम आणि इंजिनिअरिंगवाल्यांना याचा उपयोग होतो. नव्या कंपनीकडे दाखवायला तसं काही नसतं.

दुसरं रूप : मेनलँडची एलएलसी

एलएलसी ही स्वतंत्र कंपनी. तिचं देणं हे तिचंच. मालकाचं नुकसान त्याने टाकलेल्या भांडवलापुरतं. तिचे मालक १ ते ५० असू शकतात आणि मालक म्हणून व्यक्तीही चालते, रत्नागिरीची कंपनीही चालते.

जुनी मंडळी इथे लगेच म्हणतील, ‘अरे, ५१ टक्के अरबी लागतो ना?’ एकेकाळी लागायचा. मेनलँडला ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असावा असा नियम होता, आणि वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन नावापुरता राहणारा स्थानिक भागीदार ही सर्रास पद्धत होती. कंपनी कायद्यातल्या बदलानंतर जून २०२१ पासून बहुतेक व्यापार आणि उद्योगांत १०० टक्के परदेशी मालकी चालते. काही धोरणात्मक क्षेत्रं अजून राखीव आहेत, पण काजू-मसाला त्यात येत नाही. आजही कुणी ‘५१ टक्के अरबी लागतो, माझ्या ओळखीचा आहे’ म्हणून पैसे मागत असेल तर आधी त्या अमिरातीच्या आर्थिक विभागाकडे आपल्या धंद्याचं नाव सांगून खात्री करा.

मेनलँडची कंपनी अमिरातीत कुठेही विकू शकते, दुकान काढू शकते, सरकारी टेंडर भरू शकते. त्यासाठी खरीखुरी जागा भाड्याने घ्यावी लागते. दुबईत त्या भाडेकराराची नोंद ‘इजारी’त होते. व्हिसा किती मिळतील हे साधारणपणे जागेच्या आकारावर ठरतं.

तिसरं रूप : फ्री झोनची कंपनी

जेबेल अली फ्री झोन १९८५ मध्ये सुरू झाला. त्यानंतर प्रत्येक अमिरातीत असे झोन निघाले. शारजाचा विमानतळ फ्री झोन, दुबईचा डीएमसीसी, रास अल खैमाचा राकेझ ही नावं आपल्याकडे ओळखीची आहेत. इथे पहिल्यापासून १०० टक्के परदेशी मालकी चालायची, कागदपत्रं एकाच खिडकीवर व्हायची आणि छोट्या टेबलाच्या भाड्यावरही लायसन्स मिळायचं. म्हणून आपल्या लोकांनी हा मार्ग जास्त धरला.

पण झोनच्या कंपनीचं कार्यक्षेत्र झोन आणि परदेश. देरा किंवा अल करामाच्या दुकानांना थेट माल विकायचा तर मेनलँडचा वितरक, मेनलँडमधली शाखा किंवा खास परवाना लागतो. दुबईने २०२५ मध्ये फ्री झोनच्या कंपन्यांना परवाना घेऊन मेनलँडला काम करण्याची वाट मोकळी केली, पण ‘परवाना घेऊन’ हे शब्द लक्षात ठेवा. झोनमधून माल बाहेर मेनलँडला काढला की कस्टमचा प्रश्नही येतो.

थोडक्यात, दुबईत माल उतरवून पुढे आफ्रिकेला किंवा इतर आखाती देशांना पाठवायचा असेल, किंवा परदेशी गिऱ्हाइकांसाठी सेवेचं काम असेल, तर फ्री झोन बरा. गिऱ्हाईक दुबईच्या गल्लीतच असेल तर मेनलँड. आमच्या उदाहरणातल्या भावांचं गिऱ्हाईक तिथलं किराणा दुकान आहे. स्वस्त लायसन्सच्या नादात त्यांनी फ्री झोन घेतला तर पहिल्याच महिन्यात अडतील.

ऑफशोअर कंपनी नावाचा आणखी एक प्रकार कानावर येतो. तिला स्थानिक धंदा करता येत नाही, तिच्यावर राहण्याचा व्हिसा मिळत नाही. चालत्या धंद्याच्या घराला तिचा फारसा उपयोग नाही.

टॅक्सचा हिशेब

‘दुबईत टॅक्स नाही’ हे वाक्य आता जुनं झालं. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. वर्षाची करपात्र उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट टॅक्सही लागला. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के.

उदाहरण घेऊ. एलएलसीला वर्षाला ५,७५,००० दिरहम करपात्र नफा झाला. त्यातले ३,७५,००० वजा केले, उरले २,००,०००. त्यावर ९ टक्के, म्हणजे १८,००० दिरहम टॅक्स. छोट्या धंद्यांना आणखी एक सवलत आहे. उलाढाल ३० लाख दिरहमच्या आत असेल तर अर्ज करून नफा शून्य धरता येतो. पण ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांपुरतीच आहे आणि ती तिथल्या रहिवासी करदात्यांना आहे. भारतीय कंपनीची शाखा त्यात येत नाही. शाखा आणि एलएलसी यांच्यातला हा फरक छोट्या कंपनीला चांगलाच जाणवतो.

फ्री झोनला शून्य टक्के मिळतो, पण आपोआप नाही. झोनमध्ये खरं काम आणि खरी माणसं हवीत, कमाई नियमात बसणारी हवी, हिशेब ऑडिट केलेले हवेत. हे नसेल तर तिथेही ९ टक्के. आणि टॅक्स शून्य असला तरी नोंदणी आणि रिटर्न सगळ्यांनाच. नोंदणीला उशीर झाला तर १०,००० दिरहम दंडाची तरतूद आहे. फक्त लायसन्स काढून ठेवलेल्या, धंदा सुरूच न केलेल्या लोकांनाही ही नोंदणी चुकत नाही.

आता भारताची बाजू. एलएलसीने नफा तिथेच ठेवला तर साधारणपणे भारतात त्या वर्षी टॅक्स नाही. तो डिव्हिडंड म्हणून रत्नागिरीला आला की इथल्या दराने टॅक्स लागतो. अमिरातीत डिव्हिडंड पाठवताना कर कापला जात नाही. दोन कंपन्यांमधल्या मालाचा भाव मात्र बाजारभावाने लावावा लागतो. इथून काजू स्वस्तात पाठवून सगळा नफा दुबईत दाखवायचा, हे ट्रान्स्फर प्रायसिंगच्या नियमात पकडलं जातं. इथल्या कंपनीला त्यासाठी सीएचा वेगळा रिपोर्ट द्यावा लागतो, व्यवहार लहान असला तरी.

आणखी एक मुद्दा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. दुबईच्या कंपनीचे सगळे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात रत्नागिरीच्या घरात बसून होत असतील तर आयकर खातं तिला भारतीय रहिवासी कंपनी मानू शकतं. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना हा नियम लावायचा नाही असं २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. तरीही मीटिंग कुठे झाली, सही कोणी केली याची नोंद ठेवायची सवय सुरुवातीपासून लावलेली बरी.

भारतातून पैसा कसा जाईल

इथे सगळ्यात जास्त घरं फसतात. परदेशी गुंतवणुकीचे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून नव्याने लागू झाले आहेत. त्यांचा सार असा.

गुंतवणूक कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी फर्म करणार असेल तर शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. आमच्या उदाहरणात दीड कोटीच्या चौपट, म्हणजे ६ कोटी. यात भांडवल, कर्ज आणि तिकडच्या बँकेला दिलेली हमीही मोजली जाते.

शाखेचा हिशेब वेगळा. सुरुवातीच्या खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या १५ टक्के किंवा नेटवर्थच्या २५ टक्के, यातली मोठी रक्कम. आमच्या कंपनीला पहिल्या हिशेबाने ९० लाख, दुसऱ्याने साडेसदतीस लाख, म्हणजे ९० लाखांची मर्यादा. नंतरच्या चालू खर्चासाठी सरासरी विक्रीच्या १० टक्के, म्हणजे वर्षाला ६० लाख.

व्यक्ती म्हणून गुंतवायचं तर एलआरएस योजनेत दरवर्षी २,५०,००० डॉलरची मर्यादा. प्रोप्रायटरी दुकानवाल्यांना हाच रस्ता, कारण प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याने ती व्यक्तीच. यात काही बंधनं आहेत. त्या परदेशी कंपनीवर आपला ताबा असेल तर तिला पुढे पोटकंपनी काढता येत नाही. तिला कर्ज देता येत नाही, फक्त भांडवल. वित्तीय सेवेच्या धंद्यात ताबा घेऊन असं उतरता येत नाही. बायको-मुलांची मर्यादा जोडून मोठी रक्कम पाठवायची तर तेही त्या कंपनीत मालक असायला हवेत. वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक आजच्या नियमाप्रमाणे २० टक्के टीसीएस घेते. तो रिटर्नमध्ये परत किंवा वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. हे हिशेबात धरा.

क्रम असा : आधी बँकेत फॉर्म एफसी, मग यूआयएन क्रमांक, त्यानंतर पैसे. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल, म्हणजे एपीआर. कंपनीने गुंतवणूक केली असेल तर १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्नही. चुकलं तर विलंब शुल्क, आणि तो उशीर नियमित होईपर्यंत पुढचे पैसे पाठवता येत नाहीत. इथल्या बँकेत खातं एनपीए झालं असेल तर पैसे पाठवण्याआधी त्या बँकेची ना-हरकत लागते.

रोखीने भांडवल नेणं चालत नाही. हवाल्याने तर मुळीच नाही. ‘घरखर्चासाठी’ असं कारण लिहून पाठवलेला पैसा धंद्यात घालणं हाही फेमाचा भंग आहे. आणि असा पैसा नंतर डिव्हिडंड म्हणून परत आणायचा म्हटलं की बँक विचारते, मूळ गुंतवणूक कुठे नोंदली आहे? उत्तर नसतं. धंदा चालला तरी पैसा तिकडेच अडकतो.

‘भाईजानच्या नावावर काढू’

आमच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सगळ्यात जास्त असतं. भाऊ तिकडे आहेच, त्याच्याकडे व्हिसा आहे, मग लायसन्स त्याच्या नावावर आणि पैसा आपला. कागदपत्रं कमी, काम झटपट.

भाऊ खरोखर मालक असेल तर यात काही वावगं नाही. तो अनिवासी आहे, तिकडची कमाई त्याची आहे, तो स्वतःच्या पैशाने काय वाटेल ते उभारू शकतो. रत्नागिरीची कंपनी त्याला गिऱ्हाईक म्हणून माल विकेल. सरळ व्यवहार. पण पैसा इथल्या भावांचा आणि नाव फक्त त्याचं, असं असेल तर तीन गाठी पडतात.

पहिली, कायद्याची. भारतात राहणाऱ्याची परदेशी मालमत्ता लपवली गेली असा त्याचा अर्थ होतो. आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपयांचा दंड आहे. तिकडे अमिरातीतही २०२० पासून कंपनीचा खरा लाभार्थी मालक कोण हे नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणजे दोन्हीकडे खोटं लिहावं लागतं.

दुसरी, धंद्याची. भावाच्या नोकरीचं किंवा कर्जाचं काही बिनसलं, त्याच्यावर दावा झाला, तर त्याच्या नावावरचे शेअर त्या दाव्यात येतात. तिथे भाड्याचे आणि पुरवठादारांचे पुढच्या तारखांचे चेक द्यायची रीत आहे. न वटलेल्या चेकवर बँकेचा शेरा घेऊन थेट वसुलीला जाता येतं. सही ज्याची, डोकेदुखी त्याची.

तिसरी गाठ घरातली, आणि तीच सगळ्यात अवघड. खुदा न करो, त्या भावाचा इंतकाल झाला तर कायद्याने ते शेअर त्याचे. अमिरातीत मुस्लिम व्यक्तीच्या मिळकतीची वाटणी शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे होते. त्याची बायको, मुलगे, मुली, आई-वडील हे वारस. रत्नागिरीतले भाऊ ‘पैसा आमचा होता’ म्हणत राहतात, भावजय म्हणते ‘कागदावर तर यांचं नाव आहे’. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. यतीम मुलांच्या हक्काचा प्रश्न आणि भावांच्या घामाचा पैसा, दोन्ही एकाच कागदात अडकतात. कोर्टाचा वारस-हुकूम येईपर्यंत बँक खातंही बंद.

याला उपाय कंपनीच्या रूपातच आहे. दुबईच्या एलएलसीचे शेअर रत्नागिरीच्या कंपनीच्या नावावर असतील तर कुणाचाही इंतकाल झाला तरी दुबईच्या कागदावरचा मालक बदलत नाही. वारसांना हिस्सा मिळतो तो इथल्या कंपनीच्या शेअरमध्ये, इथल्या कायद्याने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिकडे दुकान चालू राहतं. शारजातल्या भावाला मॅनेजर नेमा, पगार आणि नफ्यातला वाटा लेखी ठरवा, किंवा त्याचा स्वतःचा पैसा असेल तर तेवढे शेअर त्याच्या नावावर खरोखर द्या. बँकेत दोन सह्यांचे अधिकार ठेवा, म्हणजे एक माणूस आजारी पडला तरी पगार थांबणार नाहीत.

कंपनीऐवजी स्वतःच्या नावावरच ठेवायचं असेल तर वसीयतीवर विसंबून राहू नका. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच चालते आणि वारसाच्या बाजूने केलेल्या वसीयतीला बाकी वारसांची संमती लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. दुबईतली डीआयएफसीची वसीयत नोंदणी बिगरमुस्लिमांसाठी आहे, त्यामुळे हिंदू किंवा ख्रिश्चन मित्राने जे केलं ते आपल्याला लागू होईलच असं धरू नका.

मग निवड कशी करायची?

घरातले सगळे बसून ही सहा उत्तरं कागदावर लिहा. सल्लागाराकडे त्यानंतर जा.

१. गिऱ्हाईक कुठे आहे? अमिरातीच्या बाजारात असेल तर मेनलँड, बाहेरच्या देशांत असेल तर फ्री झोन.

२. पैसा खरोखर कोणाचा आहे? ज्याचा पैसा, त्याच्याच नावावर शेअर.

३. नुकसान झालं तर किती सोसू शकतो? इथला कारखाना धोक्यात घालायचा नसेल तर शाखा नको, एलएलसी किंवा फ्री झोन कंपनी घ्या.

४. जुन्या अनुभवाच्या दाखल्याशिवाय काम मिळणारच नाही, असं आहे का? असेल तरच शाखेचा विचार करा.

५. नफा तिकडेच वाढवायचा आहे की दरवर्षी घरी आणायचा आहे? तिकडे वाढवायचा तर वेगळी कंपनी सोयीची. दरवर्षी आणायचाच असेल तर शाखा आणि कंपनी यांच्या टॅक्समधला फरक कमी होतो.

६. पुढे ओमान, सौदीला जायचं आहे का? असेल तर व्यक्तीच्या नावाने सुरुवात करू नका, पोटकंपनीचं बंधन आड येईल. सौदीत गुंतवणूक मंत्रालयाकडे वेगळी नोंदणी लागते, दुबईच्या लायसन्सवर तिथे धंदा होत नाही.

आमच्या उदाहरणातल्या भावांसाठी उत्तर असं निघतं : पहिलं वर्ष साधी निर्यात. मागणी टिकली तर रत्नागिरीच्या कंपनीच्या १०० टक्के मालकीची मेनलँड एलएलसी, शारजातला भाऊ पगारी मॅनेजर, आणि तिघांमध्ये एक लेखी करार. सॉफ्टवेअरवाल्या घराचं उत्तर वेगळं येईल, कंत्राटदाराचं आणखी वेगळं. शेजाऱ्याने जे लायसन्स काढलं तेच आपण काढायचं, ही पद्धत इथे कामाची नाही.

कागदपत्रं आणि खर्चाची तयारी

इथल्या कंपनीच्या नावाने तिकडे कंपनी काढायची तर नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम, संचालक मंडळाचा ठराव आणि मुखत्यारपत्र लागतं. हे कागद इथे नोटरी आणि परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा मुंबईतली वकिलात, आणि शेवटी तिकडचं परराष्ट्र मंत्रालय अशा शिक्क्यांतून जातात. काही कागदांचं अरबी भाषांतर करावं लागतं. यात आठवडे जातात, म्हणून जागेचं भाडं आधी भरून बसू नका.

बँक खातं हा दुसरा अडथळा. लायसन्स हातात आलं म्हणजे खातं उघडलंच असं नाही. पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, मालक कोण, हे बँक बारकाईने विचारते. इथले ऑडिट झालेले हिशेब, जीएसटी रिटर्न आणि दोन-चार जुनी निर्यात बिलं सोबत असली की काम सोपं होतं. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर मालाची आणि लेबलची मंजुरी तिथल्या पालिकेकडून वेगळी घ्यावी लागते.

खर्च मोजताना पहिल्या वर्षाचा नका मोजू, तीन वर्षांचा मोजा. लायसन्स दरवर्षी नवं करावं लागतं. त्यासोबत भाडं, व्हिसा, वैद्यकीय विमा, हिशेबनीस, ऑडिट, टॅक्स रिटर्न आणि इथल्या सीएची फी. ‘इतक्या हजारात कंपनी’ अशा जाहिरातीत यातलं बहुतेक काही धरलेलं नसतं.

आणि बंद करायचा खर्चही धरा. लायसन्स संपू दिलं म्हणजे कंपनी मिटली असं होत नाही. लिक्विडेटर नेमणं, देणेकऱ्यांसाठी नोटीस, व्हिसा रद्द करणं, टॅक्स नोंदणी काढणं आणि इथे बँकेमार्फत गुंतवणूक संपल्याचं कळवणं, हे सगळं करावं लागतं. अर्धवट सोडलेल्या कंपनीवर दंड चढत राहतो आणि तो मॅनेजर म्हणून नाव असलेल्या माणसाच्या पुढच्या कामांत आडवा येतो.

सल्लागार दोन घ्या, एक इथला फेमा जाणणारा सीए आणि एक तिकडचा. लायसन्स विकणारा एजंट हा सल्लागार नव्हे, त्याचं कमिशन ज्या झोनमध्ये जास्त तोच झोन तो सुचवेल. दोन्हीकडचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा सही करण्याच्या आठवड्यात आकडे पुन्हा तपासून घ्या. आणि भावाभावांतला करार स्टॅम्प पेपरवर, साक्षीदारांसमोर, घरच्या बायकांनाही वाचून दाखवून करा. उद्या वारस म्हणून त्या कागदापुढे त्यांनाच उभं राहावं लागणार आहे.